झाडलेली वाट

माझा धाकटा भाऊ वाघांच्या जंगलात पर्यटकांची जीप चालवतो आणि मी त्याच जंगलाची वनरक्षक. घरी त्याला सगळे बारक्या म्हणतात. आता तो दारात मावत नाही, पण नाव बारक्याच. ठसे वाचायला त्याला मीच शिकवलं. परवान्यासाठी रेंजर मॅडमपुढे शब्दही मीच टाकला. हौस होती ना मला.

कानफाटी वाघीण यंदा नाल्यापलीकडच्या खडकांत व्याली. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. अशा वेळी माणसांची चाहूल लागली की वाघीण पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या धावपळीत एखादं मागे राहतं. मागे राहिलेलं जगत नाही. म्हणून ती जागा मॅडम आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हती. कानफाटी पाण्यावर जाताना कच्चा रस्ता ओलांडायची. फाटक उघडायच्या आत मी काटेरी फांदी घेऊन जायचे आणि तिचे ठसे झाडून टाकायचे.

एकदा जेवताना बारक्या आपणहून म्हणाला, "ताई, कानफाटी कुठे व्याली ते मला सांगू नकोस हं. पाहुणे फार मागे लागतात. माहीतच नसलं तर तोंडातून जाणार कसं?"

"बघ गं आई, शहाणा झाला तुझा लेक," मी म्हणाले. ऊर भरून आला होता माझा. मी माझ्या ताटातलं उचलून त्याला वाढलं.

आणि आज सकाळी नाल्याजवळ एका जीपच्या चाकांचे ठसे रस्ता सोडून आत गेलेले दिसले. मागच्या डाव्या टायरच्या ठशात तिरपी चीर. ते टायर बदल म्हणून मी बारक्याचं डोकं खाल्लं होतं. खडकांपाशी बुटांच्या ठशांची गर्दी. कानफाटी निघून गेली होती. दोन दगडांच्या मधे एक पिल्लू पडलं होतं, हाताला गार लागलं.

बारक्या फाटकाबाहेर जीप धूत होता.

"तू शब्द दिला होतास," मी म्हणाले.

"कसला? सांगू नकोस म्हणालो होतो. तू कुठे सांगितलंस?"

"मग जागा कळली कशी?"

"ताई, अख्ख्या रस्त्यावर हरणं, मोर, कोल्हे, सगळ्यांचे ठसे. तेवढ्याच तुकड्यावर मुंगीसुद्धा चाललेली नाही, तेही रोज. तू झाडत होतीस, मी वाचत होतो."

आणि तो हसला. पहिल्यांदा बिबट्याचा ठसा बरोबर ओळखला होता, तेव्हा हसला होता तसाच. गाढव माझ्याकडून शाबासकीची वाट बघत होता. म्हणजे जेवताना गोड बोलला तेव्हाही त्याच्या डोक्यात हेच होतं, आणि मी त्याला वाढत होते.

"एक पिल्लू मेलं," मी म्हणाले.

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "मी इंजिन लांबच बंद केलं होतं गं," तो पुटपुटला. मग पुन्हा आरसा पुसू लागला.

मी तिथून सरळ मॅडमच्या ऑफिसात गेले. दुपारी त्याचा परवाना रद्द झाला.

संध्याकाळी आई ताटं घेत होती. बारक्या आला तो उंबऱ्यातच उभा राहिला. "माझं नाव कुणी दिलं?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"डाव्या टायरची चीर होती," मी म्हणाले. "मी वाचली. नाव मीच दिलं."

आईने हातातलं ताट खाली ठेवलं. बारक्याचे डोळे भरून आले, ओठ लहानपणी थरथरायचे तसे थरथरले.

"सख्खी ना गं तू माझी?" तो म्हणाला.

सकाळपासून हाच प्रश्न मला त्याला विचारायचा होता. तोही त्याने माझ्याआधी विचारून घेतला.