भिंतीला टेकवलेला प्रिंटर

कन्हैयालालची नात भूमिका जन्मली ते साल २०२३. मोह गळायच्या दिवसांत ती झाली, आणि तिच्या जन्माच्या दाखल्यापायी घरात प्रिंटर आला. दाखल्याची प्रत पाहिजे, चला तालुक्याला, सालेकसा. आधारचा कागद पाहिजे, पुन्हा सालेकसा. महिला गटाच्या बायांचे फॉर्म काढायचं कामही सून सोनिकाकडेच होतं. तान्ही पोर सासूच्या मांडीवर टाकून आठवड्यातून तीनदा स्कूटी काढायची म्हणजे काय, ते जिचं तिलाच ठाऊक. शेवटी तिने नवऱ्याला, भूपेंद्रला, फोन केला. तो रायपूरला कामाला. त्याने जुलैच्या अखेरीस एक मोठं खोकं घरी पाठवून दिलं.

कन्हैयालालला त्या खोक्याचा पहिल्या दिवसापासून संशय आला. तसा त्याचा स्वभावच होता. बाजारातून आणलेली सुईसुद्धा तो उजेडात धरून, एक डोळा मिटून पाहायचा. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत तो असा नव्हता. २०१२ साली शेताची मोजणी झाली आणि धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, मोहाचं झाड धाकट्या भावाच्या, केशोरावच्या, हिश्श्यात गेलं. त्याच झाडाखाली आई टोपली घेऊन पहाटे मोह वेचायची. झाड आपल्याच अंगाला होतं हे कन्हैयालालला पक्कं आठवत होतं. पण मोजणीच्या दिवशी तो गोंदियाला, आजारी आईजवळ दवाखान्यात बसलेला. परत येऊन पाहतो तर खुणेचा दगड झाडाच्या पलीकडे. त्या साली आई गेली, अंगणाच्या मधोमध भिंत आली, आणि दोघा भावांचं बोलणं संपलं.

सोनिकाने ओसरीत खोकं फोडलं. जागोजागी चिकटवलेल्या निळ्या पट्ट्या सोलून काढल्या. मग चार बाटल्यांतली शाई चार भोकांत ओतली.

"काळी, निळी, लाल, पिवळी," कन्हैयालालने मोजलं. "एका तोंडानं बोलणाऱ्याले एक शाई पुरते. याले चार काऊन?"

"फोटो बी निघते न बाबूजी."

"कोणाचे फोटो?"

"भूमिकाचे. अजून कोणाचे?"

मशीनवर दिवा लुकलुकू लागला. सोनिका फोन घेऊन कधी जवळ बसे, कधी लांब जाई. अर्धा तास गेला. फोनात प्रिंटरचं नावच दिसेना. तिने फोन बंद करून चालू केला, मशीन बंद करून चालू केलं. लोकेशन चालू केलं. नाव काही येईना.

"नेट पकडून नाई राहिला," ती पुटपुटली.

"नेट तं तुह्या फोनात आहे."

"फोनातलं नाई चालत, बाबूजी. घरात पेटीवालं नेट लागते. फोन आन् प्रिंटर, दोघंई एकाच पेटीवर पायजेत."

"मंग आपल्या घरी कोणती पेटी आहे?"

सोनिकाने पदर खोचला आणि पोरीचे लंगोट वाळले का पाहायला परसात गेली. लंगोट सकाळीच घडी करून ठेवलेले होते. कन्हैयालालने ते पाहिलं होतं. तो कान देऊन बसला. भिंतीशी खुसफुस झाली. एक आवाज सोनिकाचा, दुसरा केशोरावच्या पोराचा, लोकेंद्रचा. सोनिका परत आली, फोनात काहीतरी लांबलचक टाइप केलं, आणि टेबलावरचं मशीन उचलून भिंतीकडच्या फळीवर नेऊन ठेवलं. अगदी भिंतीला टेकवून. लुकलुकणारा दिवा थांबला आणि स्थिर झाला. थोड्या वेळाने भूमिकाचा दाखला गरम पोळीसारखा बाहेर आला.

"हा डब्बा भिंतीले कायले चिकटवला?" कन्हैयालालने विचारलं.

"तिथं बरोबर चालते जी."

"इथं काऊन नाई?"

"इथं रेंज कमी येते."

"म्हणजे रेंज भिंतीतून येते?"

सोनिका काही बोलायच्या आत त्याची बायको जमुना आतून ओरडली, "अवो, तुमाले काय करायचं? तुमी आपला खर्रा घोटा न!"

कन्हैयालाल तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला, पण नजर भिंतीवरच. त्या भिंतीपलीकडे केशोराव राहायचा. सोनिका खरं सांगत नव्हती, हे त्याला कळलं होतं. सांगितलं असतं तर त्याने मशीन अंगणात फेकलं असतं, हेही खरं. इंटरनेटची पेटी होती लोकेंद्रच्या खिडकीत, आणि तिचा पासवर्ड सोनिकाने दिराकडून मागून घेतला होता. भिंत पुरुषांनी घातली होती. बाया आणि पोरं कधीपासून तिच्यावरून बोलत होती.

मशीन येऊन आठवडाही झाला नव्हता. गुरुवार होता, तीन ऑगस्ट. जमुना आणि सोनिका पोरीला लस टोचायला अंगणवाडीत गेल्या होत्या. गावातली माणसं धानाच्या रोवण्यात, शेतात. कन्हैयालाल ओसरीत एकटाच. आणि अचानक मशीन घुरघुरायला लागलं.

जवळ कोणी नाही, फोन नाही, हात नाही. आपोआप कागद ओढला, खरखर केली आणि एक पान बाहेर टाकलं. कन्हैयालालने वाकून पाहिलं. मोठमोठ्या अक्षरांत वरच्याच ओळीत नाव होतं: केशोराव. तेवढ्यात मशीनने दुसरा कागद दातांत धरला. कन्हैयालालने पुढे होऊन वायर उपटली. घुरघुर थांबली. अडकलेला कागद त्याने ओढून काढला, तर कोरा.

तो पहिलं पान घेऊन कोठीच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. वाचायला तो चाळिशीत शिकला होता, गावच्या शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गात. शिकवायला होता केशोरावच. 'दादा, हा ध, हा घ,' म्हणत त्याचं बोट धरून पाटीवर फिरवणारा. अजूनही कन्हैयालाल बोट ठेवूनच वाचायचा. एक पान संपवायला त्याला बराच वेळ लागला.

'मी केशोराव, वय सदुसष्ट, लिहून देतो की गट क्रमांक २१४ च्या धुऱ्यावर मोहाचे एक जुने झाड आहे. माझे मोठे भाऊ कन्हैयालाल आणि माझ्यात या झाडावरून अकरा वर्षांपासून बोलणे बंद आहे. मोजणीच्या कागदात हे झाड माझ्या हिश्श्यात दाखवले आहे. मोजणीच्या दिवशी'

एवढंच. पान तिथे संपलं होतं.

कन्हैयालालने पान उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी. माझ्याच घरात, माझ्याच कागदावर, माझ्याच शाईने हा माझं झाड आपल्या नावावर लिहून घेऊन राहिला! म्हणून मशीन भिंतीला टेकवलं. म्हणून खुसफुस. आता सून एखाद्या दिवशी म्हणेल, बाबूजी, गटाच्या फॉर्मवर इथं सही करा. त्याने पान घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातलं. वायर गुंडाळून कोठीतल्या धानात कोपरापर्यंत हात घालून खोल पुरली.

सोनिका घरी आली. तिने वायर नसलेलं मशीन पाहिलं, रिकामा ट्रे पाहिला, सासऱ्याचं तोंड पाहिलं. काही विचारलं नाही. हे तर त्याला आणखीच खटकलं. निर्दोष माणूस आधी विचारतो, वायर कुठं गेली म्हणून.

दिवेलागणीच्या आधी पलीकडे गाडी येऊन उभी राहिली. रडारड ऐकू आली.

"केशो भाऊजीले नागपूरले नेऊन राहिले," जमुना म्हणाली. "पोटात पाणी झालं म्हणते. एकडाव तोंड तं दाखवून या."

"नागपूरले दवाखाना आहे, तसं कोर्ट बी आहे."

"काय बोलून राहिले तुमी?"

"त्याले दवाखान्याचं निमित्त पुरते. माह्या वेळी मी दवाखान्यात होतो, तवा यानं दगड सरकवला. आता हा दवाखान्यात जाऊन काय सरकवते ते पाय."

जमुनाने कपाळावर हात मारला.

पुढचे बारा दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. सोनिका पुन्हा स्कूटीवरून सालेकस्याला जाऊ लागली. ती फोनवर बोलली की कन्हैयालाल खांबाआड उभा राही. 'लोकेंद्र भाऊ' एवढं ऐकू आलं की पुढचं तो मनाने जोडून घ्यायचा. दोनदा धुऱ्यावर जाऊन आला. मोहाच्या बुंध्याला कोणी कुऱ्हाड तर लावली नाही, हात फिरवून पाहिलं. झाड जसंच्या तसं होतं. तेही त्याला बरं वाटलं नाही.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी शाळेतली पोरं घोषणा देत रस्त्याने गेली. आदल्या दिवशी केशोरावला नागपूरहून परत आणलं होतं. घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ गावात सगळ्यांना कळतो. कन्हैयालाल ओसरीत बसला होता. सोनिका पोरीला खांद्यावर घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबूजी, एक इचारू? रागवाल तं रागवा."

"इचार."

"काकाजी कालपासून एकच गोष्ट घेऊन बसले. दादानं दोन्ही पानं वाचली काय, म्हणते."

कन्हैयालालने खर्रा घोटायचं थांबवलं.

"दोन?"

"दोन पानं होती न. त्या दिवशी नागपूरले जायच्या आधी लोकेंद्र भाऊनं त्याच्या लॅपटॉपवरून धाडली. मीच म्हटलं होतं, सालेकस्याले कायले जाता, आपला प्रिंटर तुमच्याच नेटवर आहे, इकडेच काढा आन् बाबूजीच्या हातात जाऊ द्या. मले वाटलं तुमी सारं वाचलं आन् रागानं वायर लपवली. म्हणून मी गप्प होती."

"तुमच्याच नेटवर," कन्हैयालाल सावकाश म्हणाला.

"हो जी. मी खोटी बोलली. घाला शिव्या."

शिव्या घालायला तो उठलाच नाही. उठला तो कोठीच्या खोलीत गेला. धानात हात घातला, चाचपडलं, आणि वायर ओढून काढली. तिच्या प्लगच्या दोन पिनांत धानाचे दाणे अडकले होते. ते त्याने फुंकून काढले आणि वायर सोनिकाच्या हातात दिली.

मशीन सुरू झालं, पण दिवा लुकलुकतच राहिला. सोनिकाने परसातून हाक मारली, "लोकेंद्र भाऊ, लॅपटॉप लावा बरं!"

"लावला," भिंतीपलीकडून आवाज आला. "पण प्रिंटर ऑफलाइन दाखवून राहिला, वहिनी. पान रांगेतच अडकलं आहे."

"पेटी बंद करा. दहा मोजा. मंग चालू करा."

पलीकडे लोकेंद्र मोजू लागला. अलीकडे सोनिका मशीनची बटणं दाबत होती. जमुनाने पोरीला घेतलं. दहा झाले, वीस झाले. दिवा लुकलुकतोच. वायर नसलेल्या दिवसांत केरवारा करताना कोणीतरी मशीन फळीच्या या टोकाला सरकवलं होतं, ते कन्हैयालालच्या लक्षात आलं. तो पुढे गेला, दोन्ही हातांनी मशीन उचललं आणि नेऊन भिंतीला टेकवलं.

दिवा थांबला.

मशीन घुरघुरलं. आधी तेच पान पुन्हा आलं, पहिल्यासारखंच. मग दुसरं. या वेळी कन्हैयालालने हात मागे बांधून ते पूर्ण बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली. मग उभ्यानेच, बोट ठेवून वाचलं.

'दादा आईजवळ दवाखान्यात होते. मोजणीवाल्याने खुणेचा दगड विचारला तेव्हा मी तो झाडाच्या पलीकडे दाखवला. आदल्या दिवशी मीच तो उचलून तिथे ठेवला होता. झाड दादाचे आहे. येत्या उन्हाळ्यापासून मोह दादाने वेचावा. माझ्या मुलाने यात आडवे येऊ नये.'

खाली सहीची जागा रिकामी होती.

भिंतीला दार नव्हतं. केशोरावकडे जायचं तर आधी रस्त्यावर निघून वळसा घालावा लागे. कन्हैयालाल चपला न घालताच निघाला. पलीकडच्या उंबऱ्यावर लोकेंद्र उभा होता. "या, मोठे बाबूजी," एवढंच म्हणून तो बाजूला झाला.

केशोराव खाटेवर होता. हात काडीसारखे, पोट तेवढं फुगलेलं. भावाच्या हातातली पानं पाहून तो म्हणाला, "अक्षरं मोठी ठेवाले सांगतलं होतं. तुले वाचाले सोपं जावं म्हणून."

"तेच नडलं," कन्हैयालाल खाटेच्या कडेवर बसत म्हणाला. "लहान असती तं एकाच पानात मावली असती."

"बारा दिवस झाले, दादा. नागपुरात पडल्या पडल्या म्हणलो, वाचून बी आला नाई. एवढा राग."

"मी अर्धंच वाचलं. दुसरं पान यायच्या आधी वायर उपटली आन् कोठीत लपवली."

 केशोरावच्या तोंडाच्या कडा हलल्या. "त्याच कोठीत? मले शाळेत घातलं आन् तुले ढोरामागं धाडलं, तवा माही पाटी बी तिथंच लपवली होती तू."

"मायनं मारलं होतं मले."

"मारनार नाई तं काय! तीन दिवस शाळा बुडाली माही." हसताना त्याला धाप लागली. धाप ओसरल्यावर त्याने हात पुढे केला. "पेन दे. सही राहिली."

"राहू दे."

"नाई. तू शकी माणूस आहेस. उद्या म्हणशील, मशीननं आपोआप लिहिलं."

लोकेंद्रने पेन दिलं. पेन बोटांत ठरेना. तेव्हा कन्हैयालालने त्याच्या मुठीभोवती आपली मूठ धरली आणि ती ओळीवरून सावकाश फिरवली. त्यातही 'श' वाकडा आलाच.

पुढचे चार दिवस तो सकाळी वळसा घालून तिकडे जाई आणि जेवायला तेवढा घरी येई. पानांची घडी बंडीच्याच खिशात राहिली. प्रिंटर भिंतीलाच टेकलेला राहिला, आणि पुढे त्यावर बायांचे फॉर्म निघू लागले, त्याची रेंज कुठून येते हे कोणी लपवलं नाही.

केशोराव शनिवारी, १९ ऑगस्ट २०२३ ला, सकाळी साडेनऊला आपल्या घरी वारला.