गप्प झालेली डावी बाजू

मित्रांनो, घरात रेकॉर्ड लागली की सगळे स्पीकरकडे तोंड करून बसतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. सुईकडून येणारा मुंगीएवढा आवाज मोठा करायचा आणि डाव्या-उजव्या स्पीकरांना वाटून द्यायचा, हे माझं काम. माझ्या पाठीवर काचेचे व्हॉल्व्ह आहेत. तापले की ते नारिंगी उजळतात. कारखान्यात माझी एकेक तार हातानं जोडली गेली. आजकाल असे लाड कुणाचे होतात?

मला विकत घेतलं एका बँडमास्तरांनी. पितळी वाद्यांचा मोठा बँड होता त्यांचा. तालमीहून आले की बूटही न काढता ते मला चालू करायचे आणि डोळे मिटून बसायचे. "याच्यापुढे खोटं वाजवायची सोय नाही," असं पाहुण्यांना ऐकवायचे. तेव्हा मी नुसता तापायचो नाही, फुलायचोही.

मग एकदा ऐन रंगात माझी डावी बाजू गप्प झाली. गार झालो की बोलायची, तापलो की पुन्हा मुकी. मास्तरांनी मला दुकानात नेलं. दुरुस्तीवाला घाईत होता. त्यानं मला लावलं, जरा ऐकलं आणि बंद केलं.

"मशीन ठणठणीत आहे, काका," तो म्हणाला. "डाव्या कानानं कमी येत असेल तुम्हाला. वय झालं की होतं असं."

त्यानं मला तापूच दिलं नव्हतं. पण मी सांगणार कसं?

मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं. "ज्याचा कान गेला, त्यानं बँडपुढे उभं राहू नये," एवढंच ते घरी बोलले आणि त्यांनी बँड सोडला. मी कपाटावर गेलो. अंगावर चादरींचा ढीग आला, फटींमधून धूळ आत शिरली. खाली मास्तर खिडकीशी बसून राहायचे. माझ्यापेक्षा तेच जास्त गप्प झाले होते.

पुढे त्यांच्या मुलाचं लग्न झालं. सून घड्याळं दुरुस्त करायची. चादरी काढताना तिला मी दिसलो.

"हा बिघडलाय का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"तो ठीक आहे. बाबांचे कान गेलेत."

सुनेनं मला खाली उतरवलं, ब्रशनं धूळ झाडली, बटणं साफ केली. मग मास्तर फिरायला गेलेले पाहून तिनं रेकॉर्ड लावली. चहा होईपर्यंत मी छान वाजलो आणि मग, नेहमीप्रमाणे, डावीकडून गप्प झालो.

"तुला डावीकडचं ऐकू येतंय?" तिनं विचारलं.

"नाही," नवरा म्हणाला.

"मग तुझेही कान गेले का?"

त्यानं कपबशी खाली ठेवली आणि डाव्या स्पीकरला कान लावला.

तिनं माझी पिन काढली. आत साठलेली वीज पूर्ण उतरल्याची खात्री केली आणि मला पालथं घातलं. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून ती एकेक जोड तपासू लागली. तार पक्की धरणाऱ्या एका डाखाभोवती, म्हणजे वितळवून घातलेल्या धातूच्या थेंबाभोवती, केसाएवढी भेग होती. तापलो की ती फाकायची, गार झालो की मिटायची. तिनं जुना डाख वितळवून काढला, नवा घातला आणि सगळ्या तारा परत जोडल्या.

मास्तर परतले तेव्हा मी चांगला तापलेलो होतो आणि बँडची रेकॉर्ड चालू होती. ते दारातच थबकले.

"दोन्हीकडून येतंय," ते हळूच म्हणाले. मग भुवया आक्रसल्या. "पण ढोल कुठे गेला?"

"बाबा, वाजतोय ना तो," मुलगा म्हणाला.

"ढोलाचं टरफल वाजतंय. पोट गायब आहे. पोरी, एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्यात बघ."

सुनेनं मला बंद केलं आणि माझ्या मागच्या बाजूला वाकून पाहिलं. एकीकडे लाल-काळ्या तारांची खरंच अदलाबदल झाली होती. तिनं त्या सरळ केल्या आणि मला पुन्हा चालू केलं. ढोल असा आला की खिडकीची तावदानं थरथरली.

"चूक माझी," ती हसून म्हणाली. "पण बाबा, ती आम्हाला दोघांनाही कळली नाही. कान तुमचेच शाबूत आहेत."

मास्तर खाली बसले. त्यांचा हात आपोआप ताल धरू लागला होता. रेकॉर्ड संपली तशी ते उठले आणि बूट शोधू लागले.

"आता कुठे निघालात?" मुलानं विचारलं.

"तालमीला."

तिथे काय झालं ते सोबत गेलेल्या मुलानं घरी येऊन सांगितलं. मास्तरांनी उभं राहताच बँड थांबवला होता आणि मागच्या रांगेतल्या क्लॅरिनेटवाल्याला ते म्हणाले होते, "चढा लागतोयस, बाबा. जरा उतर." सांगताना मुलाची छाती बापापेक्षा जास्त फुगली होती.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची धूळ झाडा. आमच्या डोक्यावर ओझं ठेवू नका. गरम हवा बाहेर जायला वाट हवी. आणि 'हा कामातून गेला' असं यंत्राबद्दल काय, माणसाबद्दल काय, बोलण्याआधी त्याला नीट तापू द्या, मग सावकाश ऐका. माझ्या दोन्ही बाजू आज घर दणाणून सोडतात.