बांबूचा भाला आणि एक जून

मी भाला आहे. पण तेवढ्यावरून घोडे, गड आणि लढाया डोळ्यांपुढे आणू नका. मी बांबूचा आहे. मेडशीच्या अलीकडे नाल्याकाठी आमचं बेट होतं. लोक तिथून शिडीला, मांडवाला आणि तिरडीला बांबू नेत. माझ्या वाट्याला खेळ आला म्हणून मी आधी फार खुशीत होतो. खेळात सगळे एकाच रेषेवरून सुटतात, अशी माझी समजूत होती. बांबूची अक्कल ती केवढी!

मला तोडलं विकास सरांनी. ते गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात, आणि खेळाचा मास्तर नाही म्हणून खेळही तेच घेतात. त्यांनी मला आगीवर शेकून सरळ केलं, लोहाराकडून टोकाला लोखंड बसवून घेतलं आणि मुठीला सुतळी गुंडाळली. किराणा दुकानाच्या काट्यावर मी पाऊण किलोच्या वर भरलो. "जड झाला थोडा," सर म्हणाले, "पण निताचा हात काही कमी नाही."

ही निता तांड्यावरची. सेवालाल आणि हिरीबाईची थोरली. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात ते उन्हाळ्यातच परततात. त्या फेऱ्यांत निताची पहिली दोन वर्षं शाळेविना गेली, म्हणून दहावीत आली तेव्हा ती वर्गात सगळ्यांत मोठी होती. अबोल पोरगी, पण मला हातात घेऊन धावायला लागली की तिचा चेहरा उजळायचा. ढेकळांच्या मैदानात, अनवाणी पायांनी, ती मला रोज तीस-चाळीस वेळा फेकायची आणि स्वतःच आणायला पळायची. एवढं प्रेम माझ्यावर दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

तालुक्याला ती पहिली आली, तेव्हा सर तांड्यावर गेले. सेवालालनं त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला, आणि एक शब्दही दिला.

"सर, पोट्टी जिल्ह्यात पयली येऊन अमरावतीले विभागावर गेली, त यंदाबी तिले संग नेत नाही. भुरीबाई काकूपाशी राहीन, धाव्वी करीन. नाई जमलं त मंग तिच्या हाती कोयता. दोन हात कमी पडून राह्यले आमाले."

त्या दिवसापासून निता माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागली. मलाही घाम फुटायचा बाकी होता.

त्याच आठवड्यात पांढऱ्या गाडीतून एक गृहस्थ शाळेत आले. वाशीमकडच्या एका बड्या खासगी निवासी शाळेचे प्रशिक्षक, अमरदीप सर. गोड बोलणारा माणूस. तालुक्याला त्यांनी निताचा हात पाहिला होता.

"ही मुलगी आमच्याकडे द्या. राहणं, जेवण, बूट, सगळं फुकट. कागदपत्रांचं आमचं ऑफिस पाहून घेते. वकीलही आहेत आमच्याकडे."

विकास सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "गेल्या साली रिठदची राखी नेली तुमी. तिच्या सरानं तिले तिसरीपासून पळवलं, घडवलं, अन् नाव तुमच्या शाळेचं झालं. आमी पेरत राहाचं अन् तुमी सोंगून न्याचं काय? आमची पोरगी आमच्याच नावानं खेळन."

मी कोपऱ्यात उभा होतो. काय ताठलो होतो म्हणून सांगू! आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. सरांचा अभिमान खरा होता, पण त्याची किंमत निताला मोजावी लागली, आणि त्या घटकेला तिला कुणी विचारलंही नव्हतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेला आम्ही एसटीनं गेलो. कंडक्टर मला पाहून म्हणाला, "मास्तर, हे काय शिकारीले चालले का?" अख्खी गाडी हसली. निताही हसली. मला तिच्या पायाशी आडवं झोपवलं होतं.

मैदानावर पोचलो आणि माझी मस्ती उतरली. निवासी शाळेची स्वतःची बस होती. मुलींना एकसारखे कपडे, टाचेत खिळ्यांचे बूट, पाय चोळून द्यायला एक बाई. भाले तर सहा, चकचकीत, झिपवाल्या पिशवीतले. आमच्या निताच्या पायात तिच्या वर्गमैत्रिणीचे कॅनव्हासचे बूट होते आणि पुढे कापूस कोंबला होता. पंचानं मला बोटानं टोचून पाहिलं आणि म्हणाला, "बांबू चालत नाही." मला कुंपणाला टेकवून ठेवलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. नियम आहे, माझी पायरी मला कळते.

आयोजकांचा एकच भाला होता, तोही मधून वाकलेला. निताची पहिली फेक आडवी पडली, धरली गेली नाही. दुसरी जेमतेम. तेवढ्यात निवासी शाळेची राखी, तीच रिठदची, स्वतःचा भाला घेऊन आली. "हा घे व. हलका आहे, जरा वर पाहून सोड." अमरदीप सरांनी लांबून डोळे वटारले, पण पोरीनं तिकडे पाहिलंच नाही.

माझ्यासारख्या जडशीळ धटिंगणावर घडलेला हात तो. हलका भाला त्यातून असा सुटला की मापं घेणारे दोघं मागे सरकले. एकतीस मीटर आणि वर वीतभर. राखीपेक्षा तीन मीटर पुढे. विकास सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी कुंपणापाशी उभ्या उभ्या रडलो असतो, पण बांबूला ती सोय नाही.

अर्ध्या तासानं अमरदीप सरांनी टेबलावर कागद ठेवला. हरकत अर्ज. मुलगी सतरा वर्षांखालच्या गटात बसत नाही.

शाळेच्या दाखल्यावर निताची जन्मतारीख होती एक जून. त्या तारखेनं ती सात महिन्यांनी मोठी ठरत होती. तालुक्याला कुणी पाहिलं नव्हतं. विकास सरांनीही पाहिलं नव्हतं. दहावीची मुलं म्हणजे सतरा वर्षांखालचा गट, या हिशेबानं त्यांनी फॉर्म भरला होता.

अधिकाऱ्यांनी आमच्या शाळेच्या सगळ्या मुलींचे दाखले चाळले आणि हसले. "मास्तर, सगळ्यांचाच एक जून? तुमच्या तांड्यावर एकाच दिवशी बाळंतपणं होतात का?"

विकास सर हसले नाहीत. ते अक्षर त्यांचंच होतं. निताला पहिलीत घालायला हिरीबाई आली होती, तेव्हा तारीख तिला सांगता येईना. तिनं एवढंच सांगितलं, "आमी पयल्यांदा तोडीले गेलो त्या साली झाली." सरांनी ते तोडीला गेल्याचं साल लिहिलं आणि सगळ्यांना लिहितात तसा एक जून टाकला. तोडीचं साल दिवाळीला सुरू होतं आणि मधेच कॅलेंडर बदलतं, हे गणिताच्या मास्तरांच्या ध्यानात आलं नाही.

आता त्यांनी घाईघाईनं हिरीबाईला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"संक्रांत झाली, त्याच्या दुसऱ्या दिशी झाली ते," हिरीबाई म्हणाली. "उसाच्या फडात झाली. काहून सर, काय झालं?"

"बाई, कागद आहे का काही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"फडात कागद कोन देते, साहेब?"

गटाची हद्द एक जानेवारीची. संक्रांत धरली तर निता दोन आठवड्यांच्या फरकानं गटात बसत होती. पण आईच्या तोंडची संक्रांत टेबलावर ठेवता येत नाही. अमरदीप सर हळूच म्हणाले, "वाईट वाटतं, सर. आमच्याकडे दिली असती तर वर्षाच्या सुरुवातीलाच तारीख दुरुस्त झाली असती. आमच्या पोरींच्या फायली आम्ही आधी पक्क्या करतो." आणि तो माणूस खोटं बोलत नव्हता, हेच सगळ्यांत वाईट. बूट, भाले, बस यांवर आमची पोरगी मात करून आली होती. त्यांच्याकडे कागद नीट करणारा कारकून होता, त्याच्यावर कशी मात करणार?

राखी विभागावर गेली. जाताना ती निताच्या गळ्यात पडून रडली. विकास सर परतीच्या गाडीत एकदाच बोलले, "निता, चूक माही आहे." निता म्हणाली, "नाई सर." पुढे ती माझी सुतळी नखानं उकलत बसली.

दिवाळी झाली. सेवालालला फडातल्या कोपीसाठी बांबू हवे होते. त्यानं मलाही ट्रकमध्ये टाकलं. आता मी त्या झोपडीचा मधला टेकू आहे. टोक जमिनीत रुतलंय आणि डोक्यावर पाचट. निता दिवसभर मोळ्या बांधते. संध्याकाळी आली की माझ्याकडे बघत नाही. मी तिला दोष देत नाही.

परवा दुसऱ्या तांड्यावरचे पाहुणे येऊन बसले. मुलगा तोडीवरच आहे. तोडीत नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, तसा नवा कोयता करायचा म्हणतात. एकानं विचारलं, "पोरगी अठराची झाली काय? आजकाल लय चौकशी करतेत."

सेवालालनं प्लास्टिकच्या पिशवीतून दाखला काढला. "सरकारी कागद आहे न बावा. येत्या एक जूनले पुरे अठरा."

चुलीपाशी हिरीबाईनं तोंड उघडलं. "संक्रांतीची हाये ते. एक जूनच्या पुढंबी साडेसात मयने बाकी..."

"तुले कोन इचारते? त्या दिशी साहेबानं मानलं नाई तुहं, आता काहून सांगून राह्यली?"

हिरीबाईनं चुलीत पाचट सारलं. निता दारात मोळी बांधायची आळी हातात धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि पाण्याची कळशी उचलून गेली.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. ते नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. एक पोरगी जिंकली तेव्हा तिचं वय मोजायला केवढी माणसं जमली होती! टेबल होतं, शिक्का होता, नियमांचं पुस्तक होतं. तेच वय, तोच दाखला, तीच चुकीची तारीख आता पुन्हा पुढे आली आहे. या वेळी निताला बोहल्यावर चढवायला. कुणीतरी या हो, आणि आता एक हरकत घ्या.

अजून कुणी आलेलं नाही.