‘उलटी खुर्ची’ची नोंद

त्या नोंदीवर ‘काढून टाकावी’ अशी पाटी मीच लावली होती, हे आधीच सांगून टाकते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशाचं काम करू लागले. हा कोश पगारी माणसं लिहीत नाहीत. ज्याला जे ठाऊक आहे ते तो लिहितो आणि माझ्यासारखी रिकामी माणसं ते तपासतात. पस्तीस वर्षं वह्या तपासलेला हात, तो काही स्वस्थ बसेना. सकाळी दूध तापवून झालं की मी संगणक लावते. मग एक वाजेपर्यंत घरात फक्त त्याच्या कळांचा आवाज असतो. एकला लेकीचा फोन येतो, “आई, जेवलीस का?” मी “हो” म्हणते. बहुतेक दिवशी मी मोठ्यानं उच्चारलेला तो पहिला शब्द असतो.

कोशाचा नियम साधा आहे. एखाद्या गोष्टीवर नोंद हवी असेल, तर तिच्याशी काही देणंघेणं नसलेल्या निदान दोघांनी, दोन वेगळ्या ठिकाणी, तिच्याबद्दल छापून लिहिलेलं हवं. नवख्या मंडळींना मी हे वर्गात सांगावं तसं सांगते: तुम्हाला आठवतं, हे झालं नुसतं उत्तर. रीत दाखवा, मग गुण.

एका सोमवारी नवी नोंद आली. ‘उलटी खुर्ची’. टीव्हीवर दर शनिवारी संध्याकाळी लागणारा विनोदी प्रहसनांचा कार्यक्रम, तीन वर्षं चालला, वगैरे आठ ओळी. लिहिणाऱ्यानं टोपणनाव घेतलं होतं, ‘मिशीवाला’. पुरावा म्हणून त्यानं लिहिलं होतं, ‘मी तिथे होतो.’

मला तो कार्यक्रम आठवत होता. चाळीस वर्षं झाली. आमचं नवीन लग्न, भाड्याची एक खोली, आणि टीव्ही घरमालकांच्या घरात. आम्ही दोघं त्यांच्या दारात बसून बघायचो. आमचे हे असे हसायचे की घरमालकीण म्हणायची, “जरा हळू, भिंतीचा रंग नवा आहे.” हे जाऊन आता नऊ वर्षं झाली.

पण आपल्या ओळखीच्या मुलाला गुण वाढवून द्यायचे नसतात. मी पाटी लावली. अशी पाटी लागली की सात दिवस चर्चा होते आणि मग निकाल. कोशात ‘छडी’ नावानं वावरणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी तासाभरात लिहिलं, ‘पुरावा शून्य. काढा.’ रात्रीतून खाली उत्तर आलं होतं, एकही स्वल्पविराम नसलेलं:

‘साहेब आमचा कार्यक्रम थेट दाखवायचे रेकॉर्डिंग झालंच नाही त्यामुळे टेप नाही सगळे नट वारले लिहिणारा वारला मी एकटा उरलो मी पण गेलो की असा कार्यक्रम होता म्हणणारं कोणी राहणार नाही माझ्याकडे कात्रणांची वही आहे फोटो काढता येत नाही हात कापतो’

आणि घरचा पत्ता, फोन नंबर. कोशात कुणाचा पत्ता-नंबर ठेवत नाहीत, म्हणून मी दोन्ही पुसले. पुसण्याआधी कागदावर लिहून घेतले.

चर्चेत ‘वही बघायला बुधवारी येणार’ एवढं लिहिलं आणि बुधवारी दोन बस बदलून गेले. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीसमोर लाँड्रीची भिंत आणि तिच्यातून येणारी वाफ. दार उघडलं ते ऐंशीच्या घरातल्या, बारीक अंगाच्या, अगदी गुळगुळीत दाढी केलेल्या माणसानं.

“तांबडी शाई म्हणजे तुम्ही?” ते म्हणाले. ते माझं टोपणनाव. “मी साहेब साहेब लिहीत बसलो. तुम्ही तर बाई!”

“आणि तुम्हाला मिशी नाही.”

“हलवायाला गोड कुठं जातं?” असं म्हणून ते बाजूला झाले. “या. खुर्ची एकच आहे, पण सुलटी आहे.”

ते त्या कार्यक्रमाचे रंगभूषाकार. खोलीत एक मोठा आरसा होता. त्याच्या चौकटीला दहा दिवे, त्यातले तीन लागत होते. फळीवर काड्यापेट्या रचलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: पोस्टमन, सासरा, हवालदार, पोस्टमनचा भाऊ. आत मिशा. बारीक जाळीवर एकेक केस सुईनं ओवून केलेल्या.

“पोस्टमनच्या भावाला वेगळी मिशी?”

“सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं? स्वभाव वेगळा होता.”

त्यांनी वही काढली. चांगली जाड वही, पानापानावर कात्रणं. पण ती बघताच घोळ माझ्या लक्षात आला. एकेक माणूस त्याच्या कडेनं, कानाच्या पाळीपर्यंत, बोटांच्या मधल्या फटीपर्यंत कापलेला. भोवती कागदाची एक कडसुद्धा नाही.

“तारीख कुठंय?”

“कसली?”

“वर्तमानपत्राची. नाव, तारीख, पान?”

“ते आमच्याबद्दल नव्हतं,” ते म्हणाले. “कापून टाकलं.”

त्यांनी हवालदाराची मिशी काढून माझ्या तळहातावर ठेवली. “ही जाळी बघा. केस संपले की लगेच जाळी कापायची. थोडी जरी कड राहिली तर दिव्याखाली चमकते, आणि मिशी चिकटवलेली आहे हे घरबसल्या कळतं. पहिले सहा महिने उस्तादांनी मला फक्त कडा कापायला लावल्या. तोच हात कात्रणांवर चालला.” मग हळूच म्हणाले, “चूक झाली का हो?”

वर्गात एखादं पोर सुंदर अक्षरात चुकीचं गणित लिहून आणतं, तेव्हा काय बोलावं ते मला कधीच कळलं नाही. “मागच्या बाजूला काही छापलेलं असेल,” मी म्हटलं. “त्यावरून तारीख लागेल. पण चिकटवलंय घट्ट.”

त्यांचा चेहरा उजळला. “डिंकानं नाही! मिशीच्या स्पिरिट गमनं चिकटवलंय. समोर तेच होतं. जो नटाच्या ओठावरून सुटतो तो कागदावरून का नाही सुटणार?”

मग दोन तास आम्ही तेच केलं. ते ब्रशनं कडेकडेनं स्पिरिट सोडायचे, फुंकर घालायचे, थांबायचे. हात कापत होता, पण ब्रश कागदाला टेकला की कापायचा थांबे. अकरा कात्रणं सुटली. मागे साबणाची जाहिरात, अर्धं शब्दकोडं, एका बुटाचा पुढचा भाग. कशाचाच उपयोग नाही. बारावं कात्रण हवालदाराचं होतं. ते सोडवता सोडवता मिशीवाले म्हणाले,

“हा ज्या आठवड्यात छापून आला ना, त्याच्या आदल्या शनिवारी माझी मिशी पडली.”

“शिंक आली तेव्हा?” मी म्हटलं.

ब्रश थांबला. “तुम्ही पाहिलं होतंत?”

“घरमालकांच्या दारात बसून.”

“मी नाही पाहिलं,” ते म्हणाले. “मी एकही भाग पाहिलेला नाही, बाई. थेट कार्यक्रम, मी आत पुढचा चेहरा रंगवत असायचो. दाराच्या फटीतून नटाची पाठ दिसायची. त्या दिवशी शिंक ऐकू आली, मग सगळं चिडीचूप, मग हशा. मला वाटलं, झालं, माझ्या कामाला हसतायत. मागच्या दारानं घरी गेलो. त्यानंतर गम दुप्पट लावायचो. बिचाऱ्याचा ओठ सोलून निघायचा, पण तो एका शब्दानं बोलला नाही. मीही विचारलं नाही.” त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. “कसं दिसलं होतं?”

आठवण म्हणजे पुरावा नव्हे, असं वर्षानुवर्षं सांगणारी मी, त्या एकुलत्या खुर्चीत सरळ बसले आणि आठवेल तसं सांगू लागले. हवालदार उलट्या खुर्चीच्या पायांमध्ये कसाबसा बसलाय. समोर तक्रार घेऊन आलेली म्हातारी. हवालदार शिंकतो. मिशी टेबलावर. तो तिच्याकडे बघतो, म्हातारी बघते. मग तो चिमटीत मिशी धरतो, रजिस्टर उघडतो आणि मोठ्यानं म्हणत लिहितो, ‘सापडलेली वस्तू: मिशी, एक नग. मालकानं ओळख पटवून न्यावी.’

“त्यानं असं केलं?”

“आमच्या ह्यांच्या हातातला चहा घरमालकांच्या सतरंजीवर सांडला. आम्हाला वाटलं, मुद्दाम बसवलंय.”

मिशीवाल्यांनी हवालदाराची काड्यापेटी उघडून मिशी एकदा बोटानं सरळ केली. लाँड्रीची वाफ काचेवर येत होती, जात होती. मग त्यांनी कात्रण अलगद उलटलं. मागे दोनच ओळी पूर्ण होत्या: ‘...नदीवरील नव्या पुलाचे उद्घाटन उद्या सकाळी...’

तो पूल माझ्या येण्याच्या वाटेवरच होता. परत जाताना उतरले, पुलाच्या तोंडाशी असलेल्या दगडावरची तारीख वहीत टिपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयात गेले. त्या तारखेच्या आदल्या दिवसाची वर्तमानपत्रं मागितली. बांधीव गठ्ठे होते, पानं कडेला पिवळी पडलेली. तिसऱ्या गठ्ठ्यात तो फोटो सापडला, चौकोनी, सगळ्या कडांसकट. आणि फोटोच्या खाली परीक्षण होतं! चांगलं सतरा ओळींचं. मिशीवाल्यांनी ते न वाचताच कापून टाकलं होतं. का, ते मला आता विचारायची गरज नव्हती. त्यात एक वाक्य होतं: ‘हवालदाराची मिशी गळून पडते आणि तो तिलाच सापडलेल्या वस्तूंत जमा करतो, हा प्रसंग उत्तम बसवला होता.’

फोनवर मी ते दोनदा वाचून दाखवलं.

“बसवला होता म्हणे!” ते हसता हसता खोकू लागले. “शिंक होती हो ती, शिंक!” मग खोकला थांबला. “त्याला सांगायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. “आता कुणाला सांगू?”

मी म्हटलं, “मला सांगितलंत की.” पण ते पुरेसं नाही, हे आम्हाला दोघांनाही समजत होतं.

शुक्रवार, शनिवार मी ग्रंथालयातच काढले. त्या वर्षाची आणखी दोन वर्तमानपत्रं महिन्यामागून महिना चाळली. ‘उलटी खुर्ची’ दिसे ती फक्त वेळापत्रकात, वेळ आणि नाव. वेळापत्रक म्हणजे कुणी लिहिलेलं नव्हे. रविवारी मी परीक्षण चर्चेत मांडलं. छडी लगेच म्हणाले, ‘एक झालं. दुसरं?’

‘ठेवा’ असं मी लिहिलं असतं तर चाललं असतं. माझ्या शब्दाला तिथे थोडं वजन आहे, चार जणांनी माना डोलावल्या असत्या. मी संगणकासमोर तासभर बसले. एकचा फोन आला. “आई, जेवलीस का?” “नाही,” मी म्हटलं. लेक दचकली. तिला सगळं सांगावं असं वाटलं, पण तिला रविवारीही काम होतं आणि मधली सुट्टी संपत आली होती.

मग मी लिहिलं, ‘स्वतंत्र नोंदीइतका पुरावा नाही. वाहिनीच्या नोंदीत एक ओळ घ्यावी, संदर्भासह.’ सोमवारी तसाच निकाल लागला. नोंद गेली. वाहिनीच्या लांबलचक नोंदीत, बातम्या आणि शेतीविषयक कार्यक्रम यांच्या मधोमध, एक ओळ आली: ‘दर शनिवारी थेट दाखवल्या जाणाऱ्या “उलटी खुर्ची” या प्रहसनांच्या कार्यक्रमाची त्या काळात वृत्तपत्रीय दखल घेतली गेली.’ शेवटी बारीक अक्षरात संदर्भाचा आकडा. ‘तीन वर्षं’ हे शब्द छडींनी काढले. परीक्षणात ते नव्हते.

ते पान छापून घेऊन मी मंगळवारी पुन्हा दोन बस बदलल्या. मिशीवाल्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

“यात कुणाचंच नाव नाही.”

“परीक्षणात फक्त हवालदार म्हटलंय. नटाचंही नाव नाही.”

“माझं तर नसणारच. मिशी कुणाची ते कळलं असतं तर काम वाईट झालं असतं.” ते हसले, पण हसणं ओठांपर्यंतच आलं. “पाटी तुम्हीच लावली होती ना, बाई?”

“हो.”

“आणि आठवत असूनही?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. त्यांना राग आला होता की नाही, मला अजून सांगता येणार नाही. त्यांनी वही उघडली, गमची बाटली घेतली, आणि सवयीनं कात्री उचलून त्या एका ओळीच्या कडेला लावली. मी काही म्हणायच्या आत हात थांबला. पानाच्या वर कोशाचं नाव होतं, खाली छापल्याची तारीख, भोवती शेतीविषयक कार्यक्रमांची सगळी गर्दी. त्यांनी कात्री खाली ठेवली. पान वहीपेक्षा मोठं होतं. ते त्यांनी दुमडलं, एकदा, मग आणखी एकदा, आणि सगळ्या कडांसकट चिकटवलं.

“वाईट दिसतंय,” ते म्हणाले.

“राहू दे.”

“किती कात्रणं राहिली सोडवायची?”

“बावीस.”

“दुसरं परीक्षण निघालं तर?”

“नोंद पुन्हा मांडता येते.”

“शनिवारी या मग. संध्याकाळी.” त्यांनी हवालदाराची काड्यापेटी बंद केली आणि फळीवर ठेवली. “त्या वेळेला मला अजून काही सुचत नाही.”

मी जिना उतरले. बसला वेळ होता. थांब्यावर कुणी नव्हतं. सतरंजीवर चहा सांडल्यावर आमचे हे घरमालकीणबाईंना काय म्हणाले होते, ते मी आठवू लागले. काहीतरी म्हणाले होते, ती बाईसुद्धा हसली होती, एवढं पक्कं आठवत होतं. शब्द मात्र येईनात, आणि विचारायला कुणी नव्हतं.