चाकाची काठी

माझा बा, धर्माजी तांडेल, तीन वर्षं माझ्या हातून पाणीसुद्धा पीत नव्हता. कारण एवढंच की त्याची होडी सोडून मी रस्त्याच्या कामावरच्या गोऱ्या साहेबाकडे पगारावर राहिलो. "कोळ्याचा पोर सायबाच्या चपला उचलतो," असं तो मला ऐकू जाईल अशा आवाजात केसरला, माझ्या बायकोला, सांगायचा. चपला मी कधी उचलल्या नाहीत, बूट पुसले. पण बाला कोण समजावणार?

आठ वर्षांचा होतो तेव्हा त्याने मला समुद्रात हाताने गळ टाकायला शिकवलं. मासा लागला आणि माझ्या मुठीतून दोर सरकला, तशी थोबाडीत बसली. "हात कापला तरी दोर सोडायचा न्हाय!" आमच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या उजव्या तळव्यावर त्या दोराचा आडवा वण असायचा. माझ्या नव्हता. त्यावरूनही टोमणे होतेच.

साहेबाची तऱ्हा उलटी. म्हसळ्याच्या वरच्या अंगाला नदीचा एक डोह आहे, तिथं तो रविवारी बसायचा आणि मी छत्री धरून उभा. लवचीक काठी, तिला पितळी चाक, चाकावर रेशमाची दोरी. मासा लागला की हा दोरी सोडून द्यायचा! चाक कर्रकर्र फिरायचं. "जाने दो, शिवदास, जाने दो," म्हणायचा. मासा दमला की सावकाश गुंडाळायचा. विलायतेला जाताना ती काठी मला देऊन गेला. मी ती आढ्याला टांगली आणि बाला बोलायला आणखी एक निमित्त मिळालं.

एकतीस सालच्या आषाढात बाने अंथरूण धरलं. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्र खवळलेला, घरात सुकटीशिवाय काही नाही. केसर पेज घेऊन बसायची, तो तोंड फिरवायचा. पाचव्या दिवशी मी दारात उभा होतो. भिंतीकडे बघतच तो बोलला, "शिवदास, नदीचा का व्हईना, ताजा मासा गावंल का?"

तीन वर्षांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मासा आणला तर तो माझ्या हातून खाईल, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

नदी लाल होऊन धावत होती. शेजारच्या भिकूने आदल्या दिवशी जाळं टाकून पाहिलं, तर वाहत्या ओंडक्यात अडकून त्याच्या चिंध्या झाल्या. मी आढ्यावरची काठी काढली. "अवं, येवड्या पावसात?" केसर म्हणाली. मी डोक्यावर इरलं घेतलं आणि निघालो.

डोहाच्या एका कडेला पाणी जरा संथ होतं. तिथं गांडूळ लावून गळ टाकला. सकाळ गेली, दुपार गेली. बोटं पांढरी पडली. मी नदीला शिव्या घातल्या, साहेबाला घातल्या, बालाही घातल्या, मग माझी मलाच लाज वाटली.

दिवस कलताना काठी एकदम वाकली. क्षणभर पाण्यावर पाठ दिसली, खवलं रुपयाएवढी. कसला मासा होता देव जाणे. चाक कर्रकर्र फिरायला लागलं आणि मला एवढंच दिसलं की दोरी चाललीय, बाचा मासा चाललाय! मी दोरी तळव्यात धरली, एक वेढा मारला आणि मूठ आवळली. दोरी मांसात रुतली. माशाने एकच हिसका दिला, दोरी तुटली आणि हातातलं वजन गेलं. चांगला बाप्या माणूस मी, चिखलात बसून रडलो.

दिवेलागणीला घरी पोचलो.

"गावला?" बाने विचारलं.

"लागला व्हता. तुटला."

"दोर सोडला असशील."

माझं डोकंच फिरलं. मी त्याच्या पुढ्यात हात धरला. "ह्यो बघ! सोडला न्हाय!"

त्याला आता नीट दिसत नव्हतं. त्याने अंगठा जखमेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग काठी मागितली. चाक एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, कान देऊन ऐकलं. जन्मभर मासे धरलेल्या माणसाला आणखी काय सांगायला लागतं?

"ह्ये तर दोर सोडायसाठीच हाय," तो म्हणाला. "सायबानं सांगितलं न्हाय तुला?"

"सांगितलं व्हतं."

"मंग?"

"तू मारलं व्हतंस."

बाने काठी बाजूला ठेवली. मग केसरला म्हणाला, "पेज त्याच्याकडं दे."

मी त्याच कापलेल्या हाताने दाट पेज भरवली. तिच्यातलं मीठ जखमेला झोंबत होतं, पण मी हात बदलला नाही. त्याने तीन घास खाल्ले. चौथ्याला मान हलवली आणि माझं मनगट धरून डोळे मिटले. पहाटे केसरने त्याची गार पडलेली बोटं एकेक करून सोडवली.