दुसरी प्रत

"हे तुमचंच अक्षर ना, एझ्राकाका?"

हल्डा टिंकर कचेरीच्या दारातच उभी होती. हाताला कोपरापर्यंत मक्याचं पीठ, डोक्यावरची टोपी एका कानावर घसरलेली. हातातलं पत्र तिनं टेबलावर ठेवलं नाही, नुसतं समोर धरलं. एझ्रा कॉइटनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पत्त्याच्या दोन ओळी पाहिल्या.

"माझंच."

"मग मला पुन्हा एकदा वाचून दाखवा. पाद्रीबुवांनी वाचलं, पण ते मध्ये मध्ये देवाचे आभार मानत होते. मला धड काही कळलं नाही."

हल्डाला बायबल घडाघडा वाचता यायचं. आमच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक बायकांना येतं, पण छापील. हाताचं अक्षर वाचायला मुलींना कुणी शिकवत नाही. बायकांना पत्रं लिहिणार कोण, असा आमच्या वाडवडिलांचा समज. इंग्रजांशी लढाई सुरू झाली आणि बायकांनाच पत्रं यायला लागली. तेव्हा वाचायला पाद्री गाठा, नाहीतर खानावळवाला गाठा, असं होऊन बसलं.

एझ्रानं पत्र घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं. बाईंना कळविण्यास आनंद होतो की त्यांचे पती जेडेडाया टिंकर, खलाशी, हे न्यूयॉर्क येथे शत्रूच्या कैदेत जिवंत आहेत, त्यांचे नाव पुढील अदलाबदलीत घातले आहे, आणि पहिल्या जहाजाने ते घरी येतील अशी आशा आहे. वर तारीख मे महिन्याची होती, वाटेत कुठंतरी अडकून पत्र आत्ता पोचलं होतं. वाचताना त्याचा आवाज जराही हलला नाही. तो गव्हर्नराचं फर्मान वाचो की पिठाच्या पोत्यांची मागणी, आवाज तोच असायचा.

"एप्रिलात तुम्हीच कळवलंत, जेड तापानं गेला म्हणून," हल्डा म्हणाली.

"हो."

"आणि हे मेमधलं."

"तारीख मेची आहे खरी."

"म्हणजे एप्रिलात गेला तो दुसराच कुणी टिंकर. पाद्रीबुवा म्हणाले, नंतरचं पत्र आधीचं खोडतं. तसंच असतं ना?"

तसंच असतं. छावणीत, कचेरीत, गव्हर्नराच्या दारी, सगळीकडे हाच नियम. एझ्रानं मान हलवली आणि म्हणाला, "जरा वही बघावी लागेल, हल्डा."

"बघा. मी बेनायाला सांगून आलेय."

बेनाया फिच म्हणजे आमचा लाकडी पिंपं बनवणारा. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, दोघांचं लग्न व्हायचं होतं. प्रार्थनाघराच्या दारावर तशी चिठ्ठीही लागली होती. विधवेनं वर्षभर तरी थांबावं असं पाद्रीबुवांचं मत, पण पाद्रीबुवांना स्वतःची लाकडं फोडावी लागत नाहीत. बेनाया बोलायला ठोंब्या होता, मात्र उन्हाळाभर हल्डाच्या गोठ्याचं छप्पर त्यानंच शाकारलं होतं, आणि ती त्याच्याशी बोलताना क्वचित हसायचीही.

"काय म्हणाला?" एझ्रानं विचारलं.

"म्हणाला, बरं झालं. आणि रंधा मारत राहिला." ती टोपी सरळ करू लागली आणि मध्येच तिनं हात खाली घेतले. "मला आनंद व्हायला पाहिजे ना, काका? सकाळपासून वाट बघतेय. येईल येईल म्हणतेय, येतच नाही. जेडसारखा नवरा जिवंत आहे म्हणतात, आणि मला आपलं चुलीवर काय ठेवलंय तेच आठवतंय."

एझ्रानं पत्राची घडी करून तिच्या हातात दिली. ती गेल्यावर त्यानं दार लावून घेतलं.

त्याला वही उघडायची गरज नव्हती, तरी त्यानं ती उघडली. कैद्यांच्या अदलाबदलीची ही कचेरी पूर्वी हडसन नदीकाठच्या छावणीत होती, जूनमध्ये सगळं बाडबिस्तर उचलून आमच्या हॅडली बंदरात आली. एझ्रा मूळचा इथलाच. गावात शाळा चालवायचा, पोरं लढाईला गेली तशी शाळा बसली, आणि अक्षर बरं म्हणून त्याला कारकून करून नेलं. काम एकच, उतरवून काढायचं. साहेब सांगतील ते लिहायचं, मग त्याची नक्कल वहीत घ्यायची. आणि पत्र दूरचं असेल तर त्याची दुसरी प्रत करून ती निराळ्या वाटेनं पाठवायची. एक घोडेस्वाराबरोबर, एक मासेमारी होडीतून. कारण वाटेत कोण कुणाला पकडेल याचा नेम नसायचा. त्या प्रतीच्या माथ्यावर 'दुसरी प्रत' एवढे दोन शब्द घालायचे, आणि त्याखाली तारीख मूळ पत्राचीच. शाळकरी पोरालाही जमेल असं काम.

जेडच्या जिवंत असण्याचं पत्र फेब्रुवारीतलं होतं. ते नेणारा घोडेस्वार टपालासकट शत्रूच्या हाती लागला. ही गोष्ट छावणीत कळायला मे उजाडला. साहेबांनी हुकूम सोडला, फेब्रुवारीतली सगळी पत्रं पुन्हा उतरवा, आजच्या आज. बाहेर खलाशी होडीचा दोर सोडून उभा होता. एझ्रा उतरवत गेला. ध चा मा कुठंही झाला नाही, अक्षर न् अक्षर बरोबर. फक्त त्या एका पत्रावर माथ्याचे दोन शब्द राहिले, आणि हाताच्या सवयीनं तारीख त्या दिवसाची पडली.

एवढीच चूक असती तर माणूस स्वतःला समजावू शकला असता. पण जेड टिंकरला एझ्रानं शाळेत पाढे शिकवले होते. एप्रिलात त्याच्या मृत्यूचं पत्र लिहायची वेळ आली तेव्हा एझ्रा लेखणी खाली ठेवून तंबूबाहेर जाऊन उभा राहिला होता. नंतर असली पत्रं इतकी लिहावी लागली की बाहेर जाऊन उभं राहणं सुटलं. मे महिन्यात तेच नाव त्याच्या हाताखालून गेलं, जिवंत म्हणून गेलं, आणि त्याला ते ऐकूच आलं नाही. आता वहीवर बोट ठेवून बसल्यावर आपल्याला रडू येईल असं त्याला वाटलं. आलं नाही.

त्याच क्षणी उठून हल्डाकडे जायला हवं होतं. आम्ही गावकरी अजून हेच म्हणतो. पण कचेरीतून गेलेलं पत्र साहेबांच्या हुकमाशिवाय मागे घेता येत नाही, आणि कचेरीचे मुख्य लॅथ्रपसाहेब हार्टफर्डला गेले होते. एझ्रानं नियमाचा आडोसा घेतला. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. तो शनिवारपर्यंत थांबला.

लॅथ्रपसाहेब माणूस वाईट नव्हता. बूट काढता काढता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाईचं पेन्शनबिन्शन काही अडतंय का?"

"नाही, साहेब. लग्न अडलंय."

"मग दोन ओळी लिहून टाका, कॉइट. खेद वाटतो म्हणून. मी सही करतो." बूट निघाला तसे ते पाय चोळू लागले. "तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत. असं होतं."

"मी जाऊन सांगू का?"

"जा की. पण मला सांगा, तोंडानं सांगून काय फरक पडणार आहे?"

एझ्रानं दौत-लेखणी खिशात टाकली. तो तसाच निघाला.

वाटेत प्रार्थनाघर लागतं. दारावर लग्नाची चिठ्ठी नव्हती, चार खिळे तेवढे होते. पलीकडे बेनायाच्या कारखान्याला कुलूप. दाराशी शेजारची म्हातारी पेशन्स मार्विन सफरचंदं वाळत घालत होती.

"बेनाया कुठंय?"

"गेला. काल सकाळीच गाडी जोडली. हत्यारं घेतली, पट्ट्या घेतल्या, रसदखात्याच्या गोदामाला पिंपं लागतात म्हणे तिकडं पश्चिमेला. मी म्हटलं, अरे, जेडला येऊ तर दे, मग जा. तर म्हणाला, आल्यावर त्याच्या तोंडाकडं बघू कसा? त्याचाच कोट अंगात घालून हिंडलोय मी." म्हातारीनं एक किडकं सफरचंद कोंबड्यांकडे फेकलं. "पोरानं चिठ्ठीपण स्वतःच काढली हो. खिळे मात्र राहू दिले. तुमचं काय काम होतं?"

"काही नाही."

"तुम्ही पण उतरलात बाई, एझ्रा. कचेरीचं खाणं मानवत नाही वाटतं."

हल्डाचं घर खाडीच्या टोकाशी. ती चुलीपाशी बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. मागच्या खुंटीवर जेडचा कोट परत आला होता, घासूनपुसून. तिनं एझ्राला बाक दाखवला. तो बसला नाही.

"हल्डा, जेड नाही. एप्रिलचं पत्र खरं होतं. मेचं पत्र ही माझी चूक. फेब्रुवारीतलंच जुनं पत्र मी पुन्हा उतरवलं, आणि वर तारीख त्या दिवसाची घातली."

ती शेंगा सोलत राहिली. दाणे भांड्यात पडत होते.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तोंडानं?"

"हो."

"तो मेला ते कागदावर आलं," हल्डा म्हणाली. "जिवंत आहे तेही कागदावर आलं. दोन्ही तुमच्याच हातचं. आता तुम्ही तिसरं तोंडानं सांगताय. उद्या पाद्रीबुवांनी विचारलं, बाई, तू सवाष्ण की विधवा, तर काय दाखवू? तुमचं तोंड?"

"मला वाटलं, असं कागदावर सांगू नये. येऊन सांगावं."

"बुधवारी सांगायचं होतंत मग. बुधवारी मी तुमच्या दारात उभी होते." आवाज चढला नव्हता. शेंगांचा भाव सांगावा तशी ती बोलत होती. "बुधवारी बेनाया होता."

 ती उठली आणि फळीवरच्या बायबलातून मेचं पत्र काढून तिनं त्याच्यापुढे पालथं ठेवलं. मागची बाजू कोरी होती.

"इथंच लिहा. आजची तारीख घाला. त्या दिवशी वर काय ते राहिलं होतं तुमचं?"

"दुसरी प्रत. पण ही दुसरी प्रत नाही, हल्डा."

"मग नका लिहू."

त्यानं खिशातली दौत काढली. कचेरीतलं वाक्य त्याला पाठ होतं आणि तेच हातातून उतरलं. बाईंना कळविण्यास अत्यंत खेद होतो की. तिथं तो थांबला. पुढचं सरळ लिहिलं. जेड टिंकर एप्रिलात कैदेच्या जहाजावर तापाने वारला. मागील बाजूचे पत्र चुकीचे आहे. चूक कारकुनाची आहे. मग शेवट केला, सही केली आणि तिला वाचून दाखवलं.

ऐकताना हल्डानं कमरेच्या फडक्याला हात पुसले. एकदा वाचून झाल्यावर म्हणाली, "पुन्हा." त्यानं पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा जेडचं नाव आलं तशी ती बाकावर बसली आणि खुंटीकडे बघू लागली. रडली नाही. नुसतं म्हणाली, "मी त्याच्यासाठी अंथरुणात नवा पेंढा भरला होता. काल."

"मी बेनायाला लिहितो," एझ्रा म्हणाला. "रसदखात्याचा माणूस माझ्या ओळखीचा आहे. पत्र पोचेल. सगळं नीट लिहितो."

"नको."

"तो परत येईल, हल्डा."

"येईल नाहीतर नाही येणार. तुमच्या हातचं पत्र नको. पत्रं पुरे झाली माझ्या घरात." तिनं कागद ओढून घेतला आणि त्या वळणदार ओळींवरून बोट फिरवलं. शेवटाला येऊन बोट थांबलं. "हे खाली अजून काहीतरी आहे. हे तुम्ही वाचलं नाहीत."

"ते नेहमीचं असतं."

"वाचा."

एझ्रानं वाचलं. "'बाईंचा अत्यंत नम्र आणि आज्ञाधारक सेवक, एझ्रा कॉइट.'"

"हे मलाच लिहिलंय?"

"सगळ्यांनाच लिहितात. शत्रूच्या सेनापतीलासुद्धा."

हल्डानं कागदाची घडी केली, बायबलात ठेवली आणि पुन्हा बाकावर येऊन बसली. सोललेल्या शेंगांची टरफलं तिच्या पायाशी पसरली होती. ती गोळा करायलाही ती वाकली नाही.

"आज्ञाधारक सेवक ना? मग दारामागची बादली घ्या," ती म्हणाली. "विहीर गोठ्यामागं आहे. पिंप रिकामं पडलंय परवापासून. मला आज उठवत नाही."

एझ्रानं अंगातला कचेरीचा काळा कोट काढला. तो ठेवायला जागा बघितली. खुंटी एकच होती. मग त्यानं तो बाकावर घडी करून ठेवला, बाह्या वर केल्या आणि बादली उचलली. साठीला आलेला माणूस, लेखणीपलीकडे जड काही उचलायची सवय नाही. दोराचा हिसका बसला की निम्मं पाणी विहिरीतच परत जायचं. पहिली खेप आणली तेव्हा चौकटीपासून पिंपापर्यंत ओली वाट झाली होती.

हल्डानं पाण्याकडे बघितलं. तो दुसऱ्या खेपेला गेला, मग तिसऱ्या. पिंप मोठं होतं. तिनं पुरे म्हटलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.