पिवळ्या चौकटी

बेयाने सकाळपासून जेवढं वाचलं, ते सगळं धोक्याचं होतं. हात कोरडे करून घ्या: धोका. यंत्र मऊ फडक्याने पुसा: धोका. सुटे भाग आमच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या: धोका.

"हा मात्र खरा धोका आहे," शेजारच्या टेबलावरून तिच्या पडद्यात डोकावत तिचा सहकारी मोंजी म्हणाला. "नाही घेतले तर विक्रेत्याची पोरं उपाशी मरतील."

एरवी बेया हसली असती. तिने धोक्याची खूण काढली, तिथे साध्या सूचनेची घातली आणि खाली सरकली. खाली पुढचा धोका उभाच होता.

ट्युनिसला लागून असलेल्या आरियानातल्या त्या कचेरीत ही मंडळी इटलीतल्या एका कारखान्यासाठी माहितीपुस्तकं लिहायची. शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारी यंत्रं तो कारखाना बनवायचा. या लिखाणाची एक रीत होती. मजकूर कसा दिसावा हे लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही. ठळक, तिरपं, लाल-पिवळं असलं काही करायचं नाही. प्रत्येक वाक्याला ते मुळात काय आहे त्याची खूण घालायची: ही कृतीची पायरी, हे भागाचं नाव, ही सूचना, हा धोका. तो धोका कागदावर चौकटीत छापायचा की पडद्यावर लुकलुकवायचा, ते पुढे संगणक बघून घेतो. नव्या माणसांना शिकवताना बेया म्हणायची, "मिरचीच्या चटणीच्या बरणीवर 'हरीसा' लिहा. 'लाल' लिहू नका. लाल तर टोमॅटोही असतो."

शिकवायची झकास. वागले मात्र सगळे उलटे, आणि त्यात तीही आली. धोक्याची खूण घातली की छापील पानावर त्रिकोणासकट पिवळी चौकट उमटायची, आणि कारखान्याचे जुने संचालक त्या चौकटींवर बेहद्द खूश असायचे. पान कसं भरल्यासारखं दिसतं, म्हणायचे. मग ज्याला आपलं वाक्य नजरेत भरावं असं वाटे, तो त्याला धोक्यात ढकलून मोकळा. म्हणजे सगळ्या बरण्यांवर 'लाल'च लिहून ठेवलेलं. वर्षानुवर्षं कोणाचं काही बिघडलं नाही, कारण ती जाडजूड पुस्तकं इस्पितळांतल्या कपाटांत झोपा काढत होती.

आता नव्या यंत्राला पडदा आला होता. पडद्याला चौकटी कळत नाहीत, खुणा कळतात. जिथे धोक्याची खूण, तिथे यंत्र थांबणार, आणि समोरच्या माणसाने 'समजलं' हे बटण दाबल्याशिवाय पुढे हलणार नाही.

मंगळवारी बेया आणि मोंजी एका इस्पितळात चाचणीला लावलेलं यंत्र बघायला गेले होते. तिथली परिचारिका झोहरा मान वळवून मैत्रिणीशी पोरांच्या परीक्षांबद्दल बोलत होती, आणि तिचं बोट न बघता बटण दाबत होतं. समजलं. समजलं. समजलं.

"आत्ता काय समजलं तुम्हाला?" मोंजीने विचारलं.

झोहरा थबकली, मग ओशाळून हसली. "खरं सांगू का, सीदी? हे यंत्र दिवसभर माझ्या सासूसारखं बोलतं. ती खरं बोलते तेव्हासुद्धा माझं लक्ष नसतं."

झोहराला नुकतंच समजलेलं वाक्य बेयाने वाचलं होतं. आत वाफेचा दाब असताना दार उघडू नका, असं ते होतं.

कारखान्याला शुक्रवारपर्यंत सगळ्या खुणा दुरुस्त करून हव्या होत्या. आता प्रत्येक चौकट उघडायची, वाचायची आणि स्वतःला विचारायचं: हे नाही ऐकलं तर माणसाला इजा होईल का? बहुतेक वेळा उत्तर नाही असंच यायचं. पण विचारावं तर प्रत्येक वेळी लागायचं, आणि दुपार होईतो प्रश्नाचाच अर्थ कळेनासा व्हायचा.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, लबलाबीचा, हरभऱ्यांच्या गरम रश्श्याचा वाडगा पुढ्यात असताना, नौफेलचा फोन आला. हा तिचा धाकटा भाऊ, दूर स्फॅक्स शहरात असतो. तो भर दुपारी फोन करतो तेव्हा त्याने काहीतरी ठरवलेलं असतं.

"काल बाबांनी परत गॅस चालू ठेवला," तो म्हणाला. "शेजारच्या मादाम जमिलाला जिन्यात वास आला म्हणून बरं. मी रविवारी गाडी घेऊन येतोय. घेऊन जातो त्यांना. आता चर्चा नको, बेया."

"मी गॅसवर कागद लावलाय."

"कागद! स्वयंपाकघर आहे की विमानतळ? तुझ्या कागदांनी भिंत दिसत नाही. त्यांनी वाचलाय एक तरी?"

"त्यांना तिथून हलायचं नाहीये, नौफेल."

"मला तरी कुठे हौस आहे? पण उद्या इमारत उडाली म्हणजे?"

वडील, खमाइस, ट्युनिसजवळच्या ला गुलेत गावच्या बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून तिथल्याच, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत होते. सकाळी कालव्यापर्यंत चालत जायचं, मासेवाल्यांशी भावावरून हुज्जत घालायची आणि काही न घेता परत यायचं, यात त्यांचा जीव होता. स्फॅक्सला त्यांना खायला-प्यायला काही कमी पडलं नसतं. फक्त हुज्जत घालायला ओळखीचं कोणी नसतं. बेयाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि खमाइसचे गुडघे गेलेले. त्यांनी ला गुलेतलाच राहावं असं तिला मनापासून वाटत होतं. आणि फोन ठेवल्यावर, लबलाबी गार होत असताना, तिला हेही वाटलं की नेऊ दे नौफेलला, एकदाची सुटेन मी. मग तिला स्वतःची लाज वाटली. धड लाज वाटून घेण्याइतकंही त्राण अंगात नव्हतं.

शुक्रवारी चाळता चाळता खरे धोके तेवढे उरले. त्यात ते दाराचं वाक्य होतं. खात्री करून घ्यावी म्हणून बेयाने कारखान्यातल्या अभियंत्याला फोन लावला.

"नव्या यंत्रात तो प्रश्नच नाही," तो म्हणाला. "दाब उतरेपर्यंत दार उघडतच नाही. आम्ही कुलूपच तसं बसवलंय."

"मग या वाक्याचं काय करू?"

"साधी सूचना म्हणून ठेवा. कोणी नाही वाचली तरी आता कोणी भाजणार नाही."

मोंजी हे सगळं ऐकत होता. तिने फोन ठेवल्यावर त्याने हात वर केले. "हमदुल्ला! इतकी वर्षं काय करत होते हे? दारातून वाफ अंगावर येते म्हटल्यावर दार बदलायचं सोडून आपल्याला निरोप, की एक इशारा टाका. इशारा स्वस्त पडतो ना, लेल्ला बेया. कुलूप महाग."

बेयाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिला ला गुलेतचा ओटा दिसत होता, आणि ओट्यामागच्या भिंतीवर लाल शाईत लिहिलेला तिचा स्वतःचा कागद.

शनिवारी ती ला गुलेतच्या स्टेशनवर उतरली तेव्हा काखेत एक खोकं होतं. खोक्यात विजेची शेगडी होती, वर काही ठेवून विसरलं तर थोड्या वेळाने आपली आपण बंद होणारी.

"हे काय आणलंस?" खमाइसनी दारातच विचारलं.

"शेगडी."

"आहे की मला शेगडी."

"ती जाणार आता, बाबा."

ते खुर्चीत बसले आणि खोक्याकडे बघत राहिले. "विजेवर कॉफी? हमामातलं पाणी प्यायल्यासारखी लागेल."

"नाहीतर उद्या नौफेल तुम्हाला घेऊन जाईल."

नौफेल आपल्याला न्यायला येतोय हे त्यांना माहीत होतं. त्याने फोनवर सांगितलं होतं. ते त्यांनी विसरल्याचं सोंग घेतलं होतं, इतकंच.

"त्या शेगडीवर तुझी आई..." ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

बेयाने मादाम जमिलाच्या नवऱ्याला बोलावलं. त्याने सिलिंडर खांद्यावर घेतला आणि तो जिना उतरू लागला. खमाइस दारात उभं राहून त्याची पावलं तळमजल्याला पोचेपर्यंत ऐकत राहिले. बेयाला फार वाईट वाटलं. पण तिने त्याला परत बोलावलं नाही.

मग ती भिंतीकडे वळली. आधी गॅसचा कागद काढला, मग बाकीच्यांना हात घातला. दार ओढून घ्या. मीठ कमी खा. पायरीवर जपून. खिडकी लावा. अनोळखी माणसाला आत घेऊ नका. सगळे एकाच लाल पेनाने, एकाच मोठ्या अक्षरांत, प्रत्येकाखाली दोन रेघा. आठवडाभराच्या सवयीने ती एकेक कागद हातात घेऊन थांबत होती. इजा होईल का? मिठाच्या कागदापाशी तर तिला स्वतःचीच कीव आली. अळणी मासा खाणारा माणूस ला गुलेतमध्ये अजून जन्माला यायचा होता.

"हे तू माझ्यासाठी लावले होतेस?" खमाइसनी मागून विचारलं.

"मग कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. तिकडे आरियानात तुला झोप लागावी म्हणून. मी कशाला वाचतोय, बिन्ती? मी त्यांच्यावरची धूळ झटकतो."

ते रागाने बोलले नव्हते, त्यामुळे तिला जास्त लागलं. ती फ्रिजकडे गेली.

"तो राहू दे," खमाइस म्हणाले.

फ्रिजच्या दारावरचा कागदही त्याच लाल शाईतला, त्याच मोठ्या अक्षरांतला, खाली दोन रेघा ओढलेला. त्यावर लिहिलं होतं: बाबा, जेवलात का?

"हा तर इशाराच नाही, बाबा. यांच्यात कशाला लावला मी कोण जाणे."

"तेवढाच वाचतो मी," ते म्हणाले.

रविवारी नौफेल आला तो रिकामी बॅग घेऊनच. स्वयंपाकघरात शिरला आणि भिंतीवर नुसते चिकटपट्टीचे डाग बघून गोंधळला.

"कागद कुठे गेले?"

"काढले."

"आणि गॅस?"

"तोही काढला," बेया म्हणाली.

त्याने नवी शेगडी उलटीपालटी करून बघितली, बटणं फिरवली, वायर ओढून बघितली. खमाइसनी त्याच्या हातावर चापट मारली. "सोड. कॉफी करायचीय मला." त्यांनी दांडीचं पितळी भांडं चढवलं, पाणी, साखर, कॉफी घातली, आणि तिघं बाहेरच्या खोलीत येऊन बसले. बोलणं माशांच्या भावावरून निघालं, तिथून बंदरावर गेलं, तिथून क्रेनवर. एकदा जोराच्या वाऱ्यात त्यांनी अख्खी मोटार गलबतावरून अलगद धक्क्यावर कशी उतरवली होती, ते सांगताना खमाइस रंगात आले. कॉफीचं नाव त्यांनी काढलं नाही. बेयाच्या ते लक्षात होतं, नौफेलच्याही होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही बसून राहिले.

आतून कॉफी करपल्याचा वास आला. खमाइस बोलतच होते. आणखी थोड्या वेळाने आत टक् असा आवाज झाला. शेगडी बंद झाली होती.

नौफेलने श्वास सोडला. "हिवाळ्यापर्यंत बघू," तो बेयाला हळूच म्हणाला. "पण दर शनिवारी तू..."

"येतेच मी."

"मग महिन्यातून एकदा मी येईन." त्याने रिकामी बॅग पायाने खुर्चीखाली सरकवली.

बेयाला हायसं वाटलं. घर राहिलं होतं. पण त्याबरोबर हेही कळून चुकलं की बाबा खरंच विसरतात, हे काही सोंग नाही, आणि याला बसवायला कुठलंही कुलूप नाही. तिला तिथेच, त्या खुर्चीत, डोळे मिटून पडून राहावंसं वाटलं.

"अरे, कॉफी तरी घ्याल की नाही?" खमाइस एकदम म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. त्यांना करपलेलं भांडं एकट्याने बघावं लागू नये म्हणून बेया त्यांच्या मागोमाग आत गेली.

ते ओट्याकडे निघाले होते, पण वाटेत फ्रिजपाशी थांबले. कागदावर बोट ठेवून, ओठ हलवत, त्यांनी तो सावकाश वाचला. बेया त्यांच्या पाठीशीच उभी होती.

"अजून नाही, बिन्ती," ते कागदाला म्हणाले. "तू आलीस की जेवू."